क्लच दाबला तरी गिअर पडत नाही: हायड्रॉलिक क्लचविषयी वाचकांचे प्रश्न

ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आला की या सदराकडे ट्रॅक्टरच्या क्लचविषयीची पत्रे वाढतात. आपल्याकडील बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचा क्लच दांडीने चालतो. पेडलापासून क्लचच्या फोर्कपर्यंत, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या आतल्या दांड्यापर्यंत, सगळा लोखंडी जोड असतो आणि तो कसा लावायचा हे गावोगावच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. मोठ्या अश्वशक्तीचे, त्यातही परदेशी बनावटीचे काही ट्रॅक्टर मात्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचचे असतात, आणि ते तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे येईपर्यंत त्यांच्या सिलिंडरांतील रबर, नळी आणि आतले तेल यांची कोणी विचारपूस केलेली नसते. या अंकात अशाच ट्रॅक्टरांविषयीची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न: गेल्या वर्षी मी जुना ट्रॅक्टर घेतला. सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल थेट तळाला जाते आणि गिअर टाकताना खरखर आवाज येतो. चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर पेडल वर येते आणि गिअर नीट पडतो. ट्रॅक्टर अर्धा तास उभा राहिला की पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतात, क्लच प्लेट गेली आहे, ट्रॅक्टर मधून उघडावा लागेल. उघडावा का? (एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर)

उत्तर: अजून उघडू नका. आपण लिहिलेली लक्षणे झिजलेल्या प्लेटची नाहीत. प्लेट झिजली म्हणजे क्लच घसरतो. इंजिन फिरत राहते आणि ट्रॅक्टर ओढत नाही. आपला क्लच घसरत नाही, तो सुटत नाही, आणि जो क्लच भराभर चार दाब दिल्यावर व्यवस्थित सुटतो त्याच्या प्लेटमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी असते. पेडल एकदा दाबले की पाचदा, याने प्लेटला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो नळीतल्या तेलाला.

पेडल दाबले की वरच्या सिलिंडरमधला, म्हणजे मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेल नळीत ढकलतो, ते तेल खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन बाहेर लोटते आणि त्याची दांडी फोर्क ढकलते. यात तेल किती थोडे असते याची कल्पना सहसा नसते. समजा, मास्टरचा आतील व्यास 19 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच आहे आणि त्याचा पिस्टन 30 मिलिमीटर पुढे जातो. मग एका दाबात सरकणारे तेल भरते साडेआठ मिलिलिटर. औषधाच्या चमच्याने मोजले तर पावणेदोन चमचेही नाही. खालच्या सिलिंडरचा व्यास 22 मिलिमीटर असेल तर एवढ्या तेलाने त्याची दांडी साधारण 22 मिलिमीटर बाहेर येते. यातले दोन मिलिलिटर जरी आत शिरलेली हवा दाबण्यात किंवा म्हाताऱ्या रबरी नळीच्या फुगण्यात खर्ची पडले, तरी दांडी 17 मिलिमीटरवर थांबते, प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, घासत राहते आणि गिअर ओरडतो. म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी हवेवरून आपल्याला अख्खा ट्रॅक्टर उघडण्याचा सल्ला मिळालेला असू शकतो.

म्हणून सर्वांत आधी दांडीची चाल मोजा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढून-मागून दगडी किंवा लाकडी अडणी आणि हँडब्रेक लावलेला असू द्या. घरातील जाणत्या माणसाला पेडलावर बसवा, आपण गिअरबॉक्सच्या बाजूला खालच्या सिलिंडरपाशी बसा आणि स्टीलची पट्टी दांडीच्या शेजारी धरा. पेडल वर असताना दांडीवर खडूने खूण करा आणि पेडल पूर्ण दाबल्यावर खूण किती सरकली ते लिहून ठेवा. हे मोजमाप दोनदा घ्या: एकदा सकाळच्या पहिल्या दाबाला आणि एकदा पाच दाब दिल्यानंतर. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दांडीची चाल दिलेली असेल तर त्याच्याशी पडताळा. पुस्तिका नसेल तर या दोन आकड्यांतला फरकच पुरेसा बोलका असतो. दोन्ही वेळा चाल पूर्ण आणि सारखी असूनही गिअर पडत नसेल, तर दोष क्लचच्या आत आहे आणि मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्या दाबाला चाल कमी आणि नंतर वाढलेली दिसली, तर दोष तेलाच्या वाटेवर आहे आणि तो बाहेरून दुरुस्त होतो. आपल्या बाबतीत दुसरा प्रकार निघेल असे मला पत्रावरून वाटते.

तसे निघाल्यास पुढची परीक्षा पेडलावर करा. पाच दाब देऊन पेडल वर आणा आणि पाय तसाच एकसारखा दाबून मिनिटभर ठेवा. दाब कायम असतानाही पेडल हळूहळू खाली बसत गेले आणि त्याबरोबर खडूची खूण मागे आली, तर कुठेतरी तेल निसटते आहे. बाहेर कुठेही ओल नसेल आणि मास्टरला तेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीतील पातळीही उतरत नसेल, तर मास्टरमधला रबरी कप झिजला आहे आणि तेल त्याला वळसा घालून पुन्हा टाकीत जाते आहे. पेडल बसत नाही पण पायाखाली स्पंजासारखे मऊ लागते, तर नळीत हवा आहे.

टाकीतील पातळी उतरत असेल तर गळती दोनच ठिकाणी आधी पाहा. पेडलाच्या वरच्या टोकाला मास्टरची दांडी जिथे आत जाते, तेथील रबरी बूट बोटाने किंचित उचला. आत ओल असेल तर कप गेला. क्लचमध्ये बहुधा ब्रेक ऑइलच असते आणि तेथे झिरपणारे ते रंग खाते, त्यामुळे पेडलावरचा आणि पायफळीवरचा रंग फुगून पापुद्रे निघालेले दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांत मी टाकीचे झाकण उघडण्याआधी हा पापुद्रा शोधतो. महिनोन्महिने चाललेली गळती तो एका नजरेत सांगतो. दुसरे ठिकाण म्हणजे खालच्या सिलिंडरचा बूट. त्याच्या घड्यांत चिखल साचलेला असतो, तो पुसून बूट मागे सारला की आतून काळपट तेल ओघळते. काही ट्रॅक्टरांचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, क्लचच्या घरातच बसवलेला असतो. त्याची गळती क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या भोकातून ठिबकते, आणि अशा रचनेत मात्र ट्रॅक्टर उघडण्यावाचून इलाज नसतो.

कप बदलायचे तर दोन्ही सिलिंडरांचे किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, एकाच वेळी घाला. सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत पुसून तीवर नख फिरवा. नखाला खड्डे लागत असतील तर नवा कप महिनाभरही टिकणार नाही. मग सिलिंडरच बदला किंवा चांगल्या लेथवाल्याकडून आत स्लीव्ह बसवून घ्या.

हवा काढताना घाई केली की काम बिघडते. टाकी भरून घ्या, खालच्या सिलिंडरवरील निपलला, म्हणजे हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावा (सलाईनची स्वच्छ, कोरडी नळी चालते) आणि नळीचे दुसरे टोक थोडे ताजे तेल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. सहकाऱ्याने पेडल सावकाश दाबायचे, आपण निपल अर्धा फेरा सैल करायचे, तेल व बुडबुडे बाहेर आले की निपल बंद करायचे आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. हा क्रम चुकला तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते. पेडल भराभर मारल्याने तेलाला फेस येतो आणि बारीक बुडबुडे तासभर निघत नाहीत. मधूनमधून टाकी पाहत राहा. ती एकदा जरी रिकामी झाली तरी सगळे पहिल्यापासून करावे लागते. एवढे करूनही पेडल मऊ राहिले, तर जनावरांच्या औषधासाठी मिळते तशी मोठी नवी सिरिंज घ्या, तिच्यातून ताजे तेल खालच्या निपलमधून हळूहळू वर ढकला आणि टाकी भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवा. हवेची मूळची ओढ वरच असते, म्हणून ही रीत हट्टी हवेवर फार उपयोगी पडते.

एक अनुभव सांगतो. एका ट्रॅक्टरची हवा तीन दिवस निघत नव्हती, आणि मालकाने तोवर दोन मास्टर बदलले होते. खालचा सिलिंडर पुसल्यावर दिसले की कोणीतरी तो उलटा बसवला होता आणि निपल खालच्या बाजूला आले होते. सिलिंडरच्या वरच्या भागातली हवा तेथून बाहेर पडणे शक्यच नव्हते. दोन बोल्ट काढून सिलिंडर फिरवला आणि दहा मिनिटांत पेडल टणक झाले. आपल्या ट्रॅक्टरचे निपल वरच्या बाजूला आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

प्रश्न: क्लचच्या टाकीतील पातळी सारखी उतरत होती. गावात ब्रेक ऑइल मिळाले नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल घातले. दोन दिवस चांगले चालले. आता पेडल दाबल्यावर वर येत नाही, पायाने ओढून आणावे लागते. तेल तेलच असते ना? (एक वाचक, माण तालुका, जि. सातारा)

उत्तर: आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि चूक आपली एकट्याची नाही, ती ‘ब्रेक ऑइल’ या नावातच आहे. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नव्हेच. डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकोल जातीचे द्रव आहेत, ते पाण्यात विरघळतात, आणि त्यांच्यासाठी बनवलेले रबर खनिज तेल लागताच फुगते. आपल्या मास्टरमधला कप फुगून सिलिंडरमध्ये गच्च बसला आहे, म्हणून पेडल परत येत नाही. उलट, काही युरोपीय ट्रॅक्टरांच्या क्लचला हिरव्या रंगाचे खनिज तेलच लागते, आणि त्यांत डॉट 3 घातले तर त्यांचेही रबर निकामी होते. म्हणून टाकीच्या झाकणावर काय कोरले आहे ते कापडाने पुसून वाचा. जुन्या ट्रॅक्टरवर तेवढा एकच पुरावा उरलेला असतो.

झाकण हरवले असेल तर ट्रॅक्टर घेतल्या घेतल्या, त्यात आपण काही घालण्यापूर्वी, एक साधी परीक्षा करावी. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि टाकीतील द्रवाचे पाच-सहा थेंब त्यात सोडून काडीने ढवळा. ग्लायकोलचा द्रव पाण्यात मिसळून जातो. खनिज तेल मात्र वर तरंगते आणि त्याची गोल टिकली पाण्यावर हलताना दिसते. पेला नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका, कारण ब्रेक ऑइल विषारी आहे. त्याच कारणाने ते कधीही थंड पेयाच्या बाटलीत भरून गोठ्यात किंवा ओसरीवर ठेवू नये. लहान मुलांच्या हाती ती बाटली लागण्याची भीती मला या सगळ्या दुरुस्तीपेक्षा मोठी वाटते.

आता आपण ट्रॅक्टर चालवणे थांबवा. नुसते तेल बदलून भागणार नाही, कारण फुगलेले रबर पूर्ववत होत नाही. दोन्ही सिलिंडरांचे किट, रबरी नळी आणि टाकीच्या झाकणाची रबरी चकती, एवढे सगळे बदला. लोखंडी नळी आणि सिलिंडर स्पिरिटने धुऊन पूर्ण वाळवा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल यासाठी वापरू नका. त्यांचा थोडासा अंश उरला तरी नव्या कपाची तीच गत होते.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते हेही ध्यानात असू द्या. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता नसते, त्यामुळे तेथे उकळण्यापेक्षा गंजाचा त्रास अधिक होतो: तेलात मुरलेली ओल सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पाडते. दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे, आणि सहा महिन्यांपूर्वी उघडलेला अर्धा डबा वापरू नये.

प्रश्न: गिअर व्यवस्थित पडतात, पण रोटाव्हेटर थांबत नाही. क्लच पूर्ण दाबूनही पीटीओ शाफ्ट (अवजाराला इंजिनाची शक्ती देणारा मागचा दांडा) फिरत राहतो. पूर्वी असे नव्हते. मास्टर सिलिंडर नवा घातल्यापासून सुरू झाले. (एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर: आपला क्लच दुहेरी आहे. पेडलाच्या पहिल्या टप्प्यात चाकांची चाल सुटते आणि त्याहून खाली गेल्यावर, दुसऱ्या टप्प्यात, पीटीओ सुटतो. खालच्या दांडीची चाल थोडी जरी कमी पडली तरी पहिला टप्पा पूर्ण होतो आणि दुसरा अपुरा राहतो, म्हणून गिअर तक्रार करत नाहीत आणि दोष लपून राहतो.

नवा मास्टर घातल्यानंतर हे झाले, त्यामुळे दोन शक्यता आहेत. एक, हवा राहून गेली आहे. दुसरी, जी मला अधिक संभाव्य वाटते, मास्टर लहान व्यासाचा बसला आहे. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, बोल्टची भोकेही जुळतात, पण पाऊण इंचाच्या जागी पाच-अष्टमांश इंचाचा मास्टर आला तर प्रत्येक दाबाला सुमारे 30 टक्के तेल कमी ढकलले जाते. पेडल पूर्वीपेक्षा हलके झाल्याचे आपल्याला जाणवले असेल तर संशय आणखी बळकट होतो. सिलिंडरच्या अंगावर व्यास बहुधा ओतीव आकड्यांत उठवलेला असतो. जुना मास्टर भंगारात गेला नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

हे दुरुस्त होईपर्यंत रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र पीटीओवर चालवू नका. क्लच दाबला म्हणजे पाती थांबली, अशी सवय अंगात मुरलेली असते आणि त्या भरवशावर माणूस अडकलेले गवत काढायला वाकतो. पातीजवळ जायचे तर क्लच चांगला असतानाही पीटीओचा दांडा सोडवून, इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात घेऊनच जायचे.

प्रश्न: दुरुस्तीनंतर पहिला तास ट्रॅक्टर छान चालतो. त्यानंतर नांगराला क्लच घसरू लागतो आणि जळका वास येतो. दुपारी सावलीत तासभर उभा केला की पुन्हा ठीक. प्लेट नवी आहे. (एक वाचक, अंबड तालुका, जि. जालना)

उत्तर: दुरुस्तीत पेडलाचा मोकळा खेळ संपला असावा. मास्टरच्या टाकीतून सिलिंडरमध्ये तेल येते ते सुईच्या अग्राएवढ्या एका छिद्रातून. पेडल पूर्ण वर असताना हे छिद्र उघडे असायलाच हवे, म्हणजे गरम होऊन फुगलेले तेल टाकीत परत जाते. पेडलाची दांडी पिस्टनला आधीच टेकलेली असेल तर कप त्या छिद्रावर बसून राहतो, फुगणाऱ्या तेलाला वाट मिळत नाही आणि ते खालची दांडी आपोआप ढकलते. म्हणजे तासाभराने, आपला पाय पेडलावर नसतानाही, क्लच अर्धवट दाबलेला असतो. दांडी आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटर अंतर ठेवा. पेडलावर ते हाताने दाबून पाहता काही मिलिमीटरचा मोकळा खेळ म्हणून जाणवते.

खात्री करायची असेल तर क्लच घसरू लागताच ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि खालचे निपल सैल करा. तेलाची चिळकांडी उडून दांडी मागे गेली, तर दाब अडकला होता हे सिद्ध झाले. खेळ बरोबर असूनही दाब अडकत असेल, तर पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टरपाशी नळीचा जोड सैल करा. तेथे दाब सुटला तर छिद्र कचऱ्याने बुजले आहे. तेथे सुटला नाही आणि निपलपाशीच सुटला, तर रबरी नळीचे आतले अस्तर सुटून तेलाची परतीची वाट अडवत आहे, आणि बाहेरून कितीही चांगली दिसली तरी नळी बदलावी लागेल.

प्रश्न: ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा होता. आता पेडल टणक आहे, आपण मागील अंकात सांगितल्याप्रमाणे दांडीची चाल मोजली तर ती पूर्ण भरते, तरी क्लच सुटत नाही. (एक वाचक, महाड तालुका, जि. रायगड)

उत्तर: आपण मोजमाप केलेत म्हणून उत्तर सोपे झाले. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. कोकणातील हवेत हे दरवर्षी घडते. रात्रभर पेडल दाबून सीट आणि पेडल यांच्यात लाकडी ठोकळा अडकवून ठेवा. सकाळी ठोकळा काढा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये अर्धा तास चालू ठेवून क्लचचे घर गरम होऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. पुष्कळदा एवढ्याने प्लेट सुटते. दाबलेल्या क्लचने, गिअरमध्ये ट्रॅक्टर सुरू करून ब्रेकचा झटका देण्याची रीत प्रचलित आहे. ती मोकळ्या शेतात, अवजार काढून, पुढे-मागे कोणी नसताना आणि मुरलेल्या चालकाच्याच हातून व्हावी. वस्तीत किंवा शेडमध्ये तसे करू नये.

तरीही सुटली नाही तर मात्र ट्रॅक्टर मधून उघडावा लागेल. त्याआधी पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोका, कारण पुढचा अॅक्सल मधल्या खिळीवर झुलतो आणि मागचा भाग वेगळा होताच इंजिन कुशीवर कलंडते. जुन्या प्लेटच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. प्लेट नवी घालणार असाल तर खालच्या सिलिंडरचे किटही त्याच वेळी बदला: झिजलेल्या प्लेटमुळे त्याचा पिस्टन वर्षानुवर्षे आत सरकून चालत होता, नवी प्लेट बसल्यावर तो पुन्हा बाहेरच्या, गंज आणि गाळ साचलेल्या भागात येईल आणि जुना कप तेथे आठवडाभरात फाटेल.